हळदीचं बोट लागलेली सुरी

मी एक जुनी सुरी आहे. सुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच कांदा येतो, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्या नशिबी कांदा कधी आला नाही. मला धार नाही, अणकुचीदार टोक नाही, आणि मी पोलादाची तर मुळीच नाही. डोंगरातल्या एका सुताराने फिकट पिवळ्या, गच्च दाण्याच्या लाकडातून मला कोरलं, तेल पाजलं आणि एका बाजूने मला तासत तासत इतकं पातळ केलं, की मी कागदाच्या घडीत शिरावं पण कुणाचं बोट कापू नये. पुस्तकाची बंद पानं उघडणं, एवढंच माझं काम.

पुस्तकाची पानं बंद कशी असतील, असं तुम्ही विचाराल. माझ्या तरुणपणी फ्रान्समध्ये पुस्तकं तशीच मिळत. मोठ्या कागदावर मजकूर छापायचा, कागदाच्या घड्या घालायच्या, त्या शिवायच्या आणि तसंच पुस्तक विकायचं. कडा कापणं हे वाचणाऱ्याचं काम. दोन पानं वाचून झाली की सुरी घ्यायची आणि पुढची घडी सोडवायची. त्यामुळे माणसाने काय वाचलंय हे त्याच्या तोंडून कधी ऐकू नये, त्याच्या सुरीला विचारावं.

मला विकत घेतलं एतियेन मोर्वाल याने. तेव्हा तो कुणीच नव्हता. नदीवर नाव चालवणाऱ्याचा मुलगा, पॅरिसला शिकायला आलेला, कोटाची कोपरं झिजलेली. पुढे तो प्राध्यापक झाला, नावाजलेला इतिहासकार झाला, तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात साहेब म्हणू लागले.

त्या काळी इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह. साहेबांना भलतेच प्रश्न पडत. राणीच्या अंगावरचं रेशीम कुणी विणलं? मिठावर कर बसला तेव्हा कोळणींनी मासे कसे खारवले? असल्या प्रश्नांपायी त्यांनी गावोगावच्या दप्तरखान्यांची धूळ खाल्ली आणि विणकरांचा इतिहास लिहिला. एक खंड झाला, दुसरा झाला, थांबायचं नाव नाही. त्यांच्या वर्गात उभं राहायला जागा मिळत नसे. एकदा एका मंत्र्याने त्यांना जेवायला बोलावलं. कपाटात साहेबांचे सगळे खंड, सोनेरी अक्षरांत. मंत्र्याने तोंड भरून स्तुती केली. साहेबांनी सहज एक खंड काढून पाहिला, तर एकही पान उघडलेलं नाही! घरी येऊन बायकोला सांगताना ते पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या धंद्याचा अपमान होता तो.

मग नवा सम्राट गादीवर बसला आणि हुकूम सुटला, की सगळ्या प्राध्यापकांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी. एक ओळ आणि खाली सही. सहकारी घरी येऊन समजावत, "मनात काय वाटेल ते ठेव, हात तेवढा हलव. कोण बघायला बसलंय?" साहेब मला बोटांत फिरवत ऐकून घेत. सही त्यांनी केली नाही. नोकरी गेली, राहतं घर गेलं, आणि आम्ही समुद्रकाठच्या एका ओलसर गावात दोन खोल्यांत जाऊन पडलो. तिथे साहेबांची धाकटी मुलगी लुईझ खोकू लागली. तो खोकला काही केल्या हटला नाही आणि पोर गेली.

पुढे साहेबांच्या बाणेदारपणावर मोठमोठी भाषणं झाली. त्यांत लुईझचं नाव नव्हतं. पण मी तिला पाहिलं होतं. खोकल्याची उबळ ओसरली की ती मला उचलून वडिलांसाठी पानं सोडवायची, जीभ दातांत धरून, एकेक घडी. म्हणून मित्रांनो, कुणी ताठ मानेचं कौतुक करू लागलं की मी आधी विचारते, त्याची किंमत कुणी मोजली?

त्याच गावात साहेबांनी एका श्रीमंत बाईच्या गळ्यात मोत्यांचा सर पाहिला आणि सवयीप्रमाणे त्यांना प्रश्न पडला, हे वर काढले कुणी? उत्तर मिळालं, दूर आखातातल्या पाणबुड्यांनी. साहेबांनी जहाजांच्या कप्तानांना पत्रं पाठवली, आलेल्यागेलेल्या खलाशांना विचारलं आणि एक लहानसं पुस्तक लिहिलं. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून बुडी मारणारा माणूस, आणि वर होडीत त्याचा दोर धरून बसलेला दुसरा, अशा दोघांवर ते सगळं पुस्तक. त्यांनी हा समुद्र कधी पाहिला नाही. पुस्तक फारसं खपलं नाही. थोड्याच दिवसांत साहेबही गेले.

त्यानंतरचे माझे हाल काय सांगू? पतवंडांनी मला घेऊन पावाला लोणी लावलं, रेघा मारल्या, एकाने मला कुत्र्यापुढे फेकलं. शेवटी गावातल्या छोट्या संग्रहालयाने मला नेलं, पोटावर कापडी चिठ्ठी बांधली आणि खणात ठेवलं. खण कुणी उघडेना. जग पुस्तकं कापून विकू लागलं होतं, माझी गरजच संपली होती.

आणि एके दिवशी मला माझ्याच आकाराच्या खाचेत झोपवून, पेटीत घालून, विमानात चढवलं. कतारमध्ये, दोहा शहराच्या मुशैरिब भागातल्या एका खासगी संग्रहालयात मोत्यांच्या व्यापारावर प्रदर्शन भरायचं होतं. साहेबांचं ते लहान पुस्तक, त्यांची दौत आणि मी, असं त्यांचं टेबल तिथे मांडणार होते. जो समुद्र साहेबांनी नुसता कागदावर पाहिला, त्याच्या काठावर मी पोचले. पेटी उघडली तेव्हा वर एक सावळा, शांत चेहरा होता. ती नुपूर.

नुपूर मूळची नाशिकची. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान, त्यामुळे खळ आणि कागद यांच्या वासातच ती वाढली, मग जुन्या वस्तू जपण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. राहायची दोहातल्याच अल नस्र वस्तीत, नवरा अवधूत आणि दहावीतली मुलगी नमिता यांच्यासोबत. अवधूत गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर होता. उन्हाळ्यात प्रकल्प आटोपला, खलास, घरी बसा. तेव्हापासून घर आणि तिघांचा इथला मुक्काम नुपूरच्या नोकरीवर उभा होता. नोकरी गेली तर नमिताला दहावीच्या अर्ध्यातून उचलून परत जायचं. हे सगळं मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. भिंतीला कान असतात असं तुम्हीच म्हणता, मग सुरीला का नसावेत? मराठी मी तिच्या टेबलावरच शिकले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दुपारी सगळे जेवायला गेले. मला ठेवायच्या काचेच्या घोडीचं, म्हणजे स्टँडचं, माप घेण्यासाठी नुपूरने मला पेटीतून काढलं होतं. इतक्यात फोन वाजला. पलीकडे नमिता होती.

"आई, बाबांचा इंटरव्ह्यू कॅन्सल झाला. ही इज नॉट टॉकिंग टू एनीवन."

"जेवलेत का ते?"

"नो."

"त्यांना वरण-भात गरम करून दे. मी संध्याकाळी लवकर येते, इन्शाल्ला. तू अभ्यासाला बस."

फोन ठेवून ती जराशी थांबली. मग पर्समधून हळदीची डबी आणि झेंडूची चार फुलं काढली. दर वर्षी नाशिकच्या दुकानात वडील या दिवशी कात्री, दाभण, हातोडी मांडून पूजा करायचे, तीच रीत तिने इथे गुपचूप चालू ठेवली होती. पांढऱ्या कापडावर तिने आपली हत्यारं ओळीने लावली. चिमटे, कुंचले, कात्री, आणि शेवटची जागा घडी दाबायच्या वडिलांच्या लाकडी पट्टीची. मन घरी अडकलेलं आणि हात सवयीने चाललेले. पण ती पट्टी त्या दिवशी खणातच राहिली होती. तिच्या जागी तिने ठेवलं मला.

हळदीची पूड खोलीत उडू नये म्हणून तिने ती थेंबभर पाण्यात कालवली होती. बाई इतकी काळजी घेणारी! आणि तिथेच घात झाला. ओलं बोट एकेका हत्यारावर टेकवत ती माझ्यापाशी आली आणि ते माझ्यावरही टेकलं.

मित्रांनो, खरं सांगू? कित्येक पिढ्या लोक मला वस्तू म्हणत होते. साहेबांची वस्तू, संग्रहालयाची वस्तू. त्या एका बोटाने मला पुन्हा हत्यार म्हटलं, काम करणाऱ्यांच्या ओळीत बसवलं. मला इतका आनंद झाला, की बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

तिने हात जोडले, डोळे उघडले, एक फूल माझ्यावर ठेवायला वाकली आणि तिथेच थिजली. तिने मला उचललं. कोरडा कापूस टेकवून पाहिला. वरची ओल टिपली गेली, पण पिवळं आत उतरलं होतं. लाकूड तहानलेलं होतं, काय करणार? माझा आनंद म्हणजे तिचा गुन्हा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सिमोना जेवून परतली ती याच क्षणी. सिमोना वसईची, वस्तूंच्या विभागाची प्रमुख आणि नुपूरची जुनी मैत्रीण. दारातच तिने सगळं ओळखलं.

"जीजस! नुपूर, हे काय केलंस?"

"चुकून झालं गं. बाबांची पट्टी समजून..."

"थांब, साबणाचं पाणी आणते. पटकन पुसू."

"साबण नको!" नुपूर जवळजवळ किंचाळली. "हळद आहे ती, साबणाने लाल होईल. मग तर कुंकवासारखा डाग पडेल."

सिमोनाने दार लावून घेतलं. मग सिमोनाने मला हातमोज्यात घेतलं, उलटसुलट केलं आणि हळूच म्हणाली, "ऐक माझं. हिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. पालथी ठेव. उद्या सकाळी ती फ्रेंच बाई चेक करेल, वरूनच बघेल, संपलं. तीन महिने कुणी हात लावणार नाही."

"आणि परत गेल्यावर?"

"परत गेल्यावर कोण सांगणार डाग कुठे पडला? अगं, तुझ्या घरी काय चाललंय ते मला माहीत नाही का? नमिताची दहावी आहे. उगाच शहाणपणा करू नकोस."

कोण बघायला बसलंय, हाच सूर मी पॅरिसमध्ये ऐकला होता. पण तेव्हाच्यासारखी मी साहेबांच्या बाजूने नव्हते, मित्रांनो. मला लुईझची जीभ दातांत धरलेली आठवत होती. मी मनात म्हणत होते, ऐक गं बाई, सिमोनाचं ऐक, ठेव मला पालथी.

नुपूरने मला पालथी ठेवली.

ती रात्र मी प्रदर्शनाच्या काचेच्या पेटाऱ्यात घोडीवर तोंड खाली करून काढली. सकाळी दिवे लागले. आमच्या गावच्या संग्रहालयाने वस्तूंसोबत धाडलेल्या मादाम सोलांज आल्या. बारीक अंगाच्या, कपाळावर चष्मा, हातात छोटी बॅटरी. त्यांच्यामागे संग्रहालयाच्या संचालक मुनीरा मॅडम, काळ्या पायघोळ अबायात, हातात कॉफीचा कप. त्यांच्यामागे सिमोना. आणि सगळ्यात मागे नुपूर, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा असा चेहरा.

सोलांजबाईंनी दौत पाहिली. पुस्तक पाहिलं. मग बॅटरीचा झोत माझ्या पाठीवरून टोकाकडे गेला, टोकाकडून पुन्हा मागे आला. पेटाऱ्यात हवा नसल्यासारखं मला झालं. त्यांनी मान डोलावली, "छान," म्हणाल्या आणि पुढच्या पेटाऱ्याकडे वळल्या.

सुटलो! सिमोनाने सोडलेला श्वास मला काचेतून दिसला. मुनीरा मॅडमनी कप दुसऱ्या हातात घेतला. पेटारा बंद करायला माणूस किल्ली घेऊन पुढे आला. सगळं संपलं होतं, कुणालाही काही कळणार नव्हतं.

"मादाम, एक मिनिट," नुपूर म्हणाली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण आवाज इतका बारीक की तो तिचा वाटेना. "सुरी उलटून बघा, प्लीज. खालच्या बाजूला डाग आहे. काल माझ्या हातून पडला. आणि तो दिसू नये म्हणून मीच ती पालथी ठेवली."

सिमोनाने डोळे मिटून घेतले. पालथी ठेवायचं कुणी सुचवलं, हे नुपूरने त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही.

सोलांजबाईंनी मला उलटलं. झोत हळदीवर पडला. त्यांचे ओठ घट्ट मिटले. फोटो काढले, बाजूला जाऊन फ्रेंचमध्ये फोनवर भराभर बोलल्या, आवाज चढलेला. त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता आणि एकही नुपूरला कळत नव्हता. "निष्काळजी," त्या म्हणत होत्या, "असल्या लोकांच्या हाती आपण वस्तू देतो." मी लाकडाची नसते तर मला घाम फुटला असता. फोन संपवून त्यांनी निर्णय सांगितला. डागाला कुणीही हात लावायचा नाही. सुरी सुलटी ठेवायची, डाग दिसला तर दिसू दे. आणि या बाईने आमच्या कुठल्याही वस्तूला यापुढे शिवायचं नाही.

आता पाळी मुनीरा मॅडमची. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे पिवळं काय आहे?"

नुपूरने सांगितलं. वर्षातला एक दिवस आम्ही हत्यारांना काम देत नाही. त्यांना पुसतो, हळद लावतो, हात जोडतो. ज्याच्यावर पोट चालतं, त्याचे आभार मानतो.

"म्हणजे त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं?"

"नसतं, मॅडम."

"आणि तू काल दिवसभर काम करत होतीस." मुनीरा मॅडमनी कप खाली ठेवला. "सण तुझा, मोडलास तूच. माझ्याकडे सुट्टी का नाही मागितलीस?"

घरात एकच नोकरी असली की माणूस सुट्टी मागत नाही, हे नुपूरने सांगितलं नाही. लेखी ताकीद मिळाली. प्रदर्शनातून तिला काढून तळघरात रिकाम्या खोक्यांच्या कामावर घातलं. करार पुढे वाढवायचा की नाही, ते प्रदर्शन संपल्यावर बघू, असं सांगण्यात आलं.

मग सुरू झाले माझे मानाचे दिवस, आणि तेवढे वाईट दिवस मी आयुष्यात पाहिले नाहीत. शाळांच्या सहली यायच्या, पर्यटक यायचे, एक म्हातारा कतारी रोज येऊन साहेबांच्या पुस्तकासमोर उभा राहायचा. त्याचा आजा पाणबुड्यांचा दोर धरायचा, असं तो पहारेकऱ्याला सांगायचा. माझा ऊर भरून यायचा. पण डोळे सारखे दाराकडे. नुपूर आली नाही. तिच्या घरी काय चाललं असेल? सामान बांधायला लागले असतील का? नमिता कुठल्या शाळेत परीक्षा देईल? मी विचार करकरून वाळले. मीच तिच्याविरुद्धचा पुरावा, दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल असा मांडलेला. आणि तिच्या बाजूने एक शब्दही मला बोलता येत नव्हता.

शेवटच्या दिवशी पेटाऱ्याचं कुलूप उघडलं. सिमोनासोबत आत आली ती नुपूर! हातात पांढरे हातमोजे.

झालं होतं असं, की परतीच्या बांधणीसाठी माणूस कोण द्यायचा, असं मुनीरा मॅडमनी फ्रान्सला विचारलं होतं. सोलांजबाईंचं उत्तर आलं. दुसरं कुणी नको, सुरी उलटून बघा म्हणाली तीच बाई हवी, बाकीच्यांनी माझ्यापासून काय लपवलंय ते मला माहीत नाही. त्या उत्तराच्या जोरावर मुनीरा मॅडमनी करार वाढवला होता. अवधूतला नोकरी अजून नव्हती, पण नमिताची परीक्षा इथेच होणार होती.

नुपूरने मला घोडीवरून उचललं. सिमोना वाकून बघू लागली. मग तिने मला तिरकं करून बघितलं, बॅटरी लावून बघितलं.

"अगं... डाग कुठाय?"

डाग नव्हता. तीन महिने दिव्याच्या उजेडात तो रोज थोडा थोडा फिकट होत गेला होता. मला जाणवत होतं, पण मी कुणाला सांगणार?

"आपोआप गेला!" सिमोनाने बॅटरी विझवली. "नुपूर, तू त्या दिवशी काहीच बोलली नसतीस आणि चेकिंगनंतर मी हिला गुपचूप सुलटी केली असती, तरी हळूहळू... म्हणजे कुणाला कधी कळलंच नसतं! उगाच तीन महिने तळघरात काढलेस!"

"माहीत होतं मला," नुपूर म्हणाली.

"काय?"

"हळद उजेडाने उडते हे. हळदीचे कपडे आई उन्हातच टाकायची."

सिमोना तिच्याकडे वळली. "माहीत होतं? मग बोललीस कशाला?"

नुपूर मला खाचेत झोपवत होती. "डाग गेला असता गं," ती म्हणाली. "पण नंतर कुणी विश्वासाने माझ्या हातात काही ठेवलं असतं, तर मला ते घेववलं नसतं."

पेटीचं झाकण बंद झालं. मी आता पुन्हा माझ्या खणात आहे आणि इथे अंधार आहे. लुईझ गेली तेव्हा साहेबांवर रागावले होते मी, मनात तो राग कित्येक वर्षं धरून बसले होते. नुपूरमुळे तो जरासा उतरला, सगळा नाही. लुईझ मला अजून आठवते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपायला काच लागते, कुलूप लागतं, गार हवा लागते, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. ते खोटं नाही. पण माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाची जपून ठेवलेली वस्तू तुमच्या हातून डागाळली, तर ती पालथी घालून पळू नका. ज्याची आहे त्याला जाऊन सांगा. बोलणी खावी लागतील, ती खा.